गोचीड आणि ढिम्म

सरांना तोंडावर सगळे सर म्हणायचे आणि पाठ फिरली की गोचीड. आता हे नाव काही कुणी वाईट मनाने ठेवलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सरांना ते मनातून आवडायचं. फुटबॉल खेळत होते तेव्हा ते बॅक, म्हणजे समोरच्याला अडवणारे. उंची बेताची, पळणं त्याहून बेताचं, आणि किक अशी की चेंडूलाच प्रश्न पडावा, जाऊ की राहू. पण एकदा समोरच्या फॉरवर्डला धरलं की धरलं. त्या काळच्या सगळ्यात चपळ फॉरवर्डने सामना संपल्यावर त्यांच्यापुढे चक्क हात जोडले होते. म्हणाला, "हा माणूस नाही, गोचीड आहे. मी पाणी प्यायला कडेला गेलो, तर हा बाटलीपाशी आधीच हजर." तेव्हापासून ते नाव त्यांच्यामागे लागलं ते लागलंच.

त्यांचे वडील रंगारी. ते लोकांच्या भिंती रंगवायचे आणि पोरगं त्याच भिंतींवर चेंडू मारायचं, मग दोघांनाही बोलणी बसायची. पुढे सर गल्लीतून क्लबात आले आणि आयुष्यभर त्याच क्लबात राहिले. सगळ्या कारकिर्दीत गोल तीन, त्यातले दोन आपल्याच जाळ्यात. तरीही लोक त्यांच्यावर जीव टाकायचे, कारण अंगात ताप असला तरी हा गडी मैदान सोडायचा नाही. शेवटी गुडघ्यानेच सोडलं. डॉक्टर म्हणाले, आता जिने चढलात तरी खूप झालं. मग क्लबने त्यांना कोच केलं. ज्याला खेळता येतं त्याला शिकवताही येतं, असा एक समज आहे. माशाला पोहता येतं म्हणून तो काही पोहण्याचे क्लास काढत नाही, पण हे क्लबवाल्यांना कोण सांगणार?

सरांची अडचण एवढीच होती की ते कोच झाले हे त्यांच्या पायांना कुणी कळवलंच नव्हतं. सामना सुरू झाला की बाकावर बसल्या बसल्या त्यांचा डावा पाय खेळायला लागायचा. बॅक अडवायला गेला की सरांचा पाय पुढे, चेंडू उडवला की सरांचा पाय हवेत. शेजारी बसलेल्या राखीव खेळाडूंच्या नडग्या काळ्यानिळ्या व्हायच्या. शेवटी ती पोरं बाकावरसुद्धा शिन गार्ड बांधून बसायला लागली. सरांच्या डावीकडची जागा तर रिकामीच असायची. नवीन माणूस चुकून तिथे बसला, तर बाकीचे त्याला बसू द्यायचे आणि गंमत बघायचे.

आणि पायापेक्षा वाईट होतं तोंड. कोचने जिथे उभं राहायचं तो चुन्याने आखलेला चौकोन असतो. त्यात सर फक्त नावाला असायचे. कडेच्या रेषेबरोबर वरखाली लंगडत सगळा वेळ ओरडायचे. "चिकट! अरे चिकट त्याला! सोडतोस काय? कानात बोळे घातलेत का रे?" आवाज असा खणखणीत की पलीकडच्या गोलकीपरनेही वळून बघावं. पण ऐकावं लागायचं ते सरांच्या बाजूला खेळणाऱ्या बॅकला. पहिल्या अर्ध्या खेळात उजव्या बॅकची पाळी, बाजू बदलल्या की डाव्याची.

हा डावा बॅक म्हणजे सरांचा जावई.

सरांची एकुलती एक लेक क्लबची फिजिओ. कुणाचा घोटा बांध, कुणाची मांडी चोळ, असं करता करता तिने डाव्या बॅकचा घोटा जरा जास्तच काळजीने बांधला आणि त्यांचं लग्न झालं. मुलगा सोन्यासारखा, त्याबद्दल सरांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्याच्या खेळाची. त्याचं नाव सरांनीच ठेवलं होतं, ढिम्म. समोरून विंगर, म्हणजे कडेने पळणारा फॉरवर्ड, वाऱ्यासारखा येतोय आणि हा उडी घालायची सोडून तिरका उभा राहून हळूहळू मागे सरकतोय. विंगर उजवीकडे हुलकावणी देतो, डावीकडे देतो, आणि ढिम्म नुसता बघतोय. मग कधीतरी विंगरचा चेंडू पायापासून टीचभर जास्त सुटतो, आणि हा कुणाच्या घरातून आपलीच वस्तू घेऊन निघावं तसा तो घेऊन चालू लागतो. बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, पण चेंडू बहुतेक वेळा मिळतो.

सरांना ते बघवत नसे. बॅकने चिकटावं, हा त्यांचा धर्म. म्हणून ते ओरडायचे, आणि ढिम्म शेवटी सासऱ्याचा मान राखून, मनाविरुद्ध, अर्धवट पुढे जायचा. अर्धवट पुढे गेलेल्या बॅकला काय, विंगर बगल देतो आणि गोल होतो. त्या सीझनच्या सुरुवातीला असे किती गोल झाले याची गणतीच नको. दर गोलानंतर सर म्हणायचे, "बघा, वेळेवर चिकटला नाही."

घरी मात्र नूर वेगळाच. जावई तो जावई. मैदानावर "ए ढिम्म" करणारे सर जेवायला बसले की, "जावईबापू, आणखी थोडी भाजी घ्या. अहो, संकोच कसला करता?" जावईबापू मान खाली घालून भाजी घ्यायचे. मुलगी आणि जावई त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. नात सकाळी उठली की दात घासायच्या आधी खाली यायची आणि आजोबांच्या बरोबर त्या दुखऱ्या गुडघ्यावर बसायची. सरांना कळ यायची, पण ते तिला कधी उठवत नसत. दिवसभरातला तेवढाच वेळ असा होता की त्यांना कुणावर ओरडावंसं वाटत नसे.

लेकीने एकदा सांगून पाहिलं होतं. "बाबा, तो एका वेळी दोन सामने खेळतो. एक समोरच्यांशी आणि एक तुमच्याशी."

"अगं, मी काय त्याचा वैरी आहे? त्याच्या भल्याचंच सांगतो."

"सांगत नाही तुम्ही. ओरडता."

"मैदानावर काय कानात कुजबुजायचं असतं?" असं म्हणून सर उठून गेले होते. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मग सीझनच्या शेवटी शेवटी नवल झालं. टीम खालच्या गटात ढकलली जाणार हे जवळजवळ ठरलेलं असताना ती एकाएकी हरायची थांबली. एक सामना बरोबरीत, मग एक जिंकला, मग आणखी एक. दोन्ही बॅक खडकासारखे उभे. सरांची छाती फुगली. ते बायकोला म्हणाले, "इतकी वर्षं घसा फोडला, आता कुठे पोरं माझं ऐकायला लागली." बायको औषधांच्या दुकानात काम करायची, नुकतीच घरी आली होती. तोंड फिरवून भांडी घासत राहिली, आणि तिचे खांदे हलताहेत हे सरांना दिसलं नाही.

सरांना तशा बऱ्याच गोष्टी दिसल्या नव्हत्या. फिजिओच्या पेटीतला कापूस सारखा संपायला लागला होता, तेवढं मात्र त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी लेकीला टोमणाही मारला होता. "एवढा कापूस? जखमा बांधता की गाद्या भरता?" लेक म्हणाली, "लागतो बाबा." विषय तिथेच संपला.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे एकत्र जेवायला बसले होते. बरोबरी झाली तरी टीम वरच्या गटात राहणार होती, हरली तर खाली. सर भाताचे घास न चावता गिळत होते. तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, एक सांगायचं होतं. दुसऱ्या एका क्लबचा फोन आलाय. त्यांना डावा बॅक हवाय. याला बोलावलंय."

"कुठला क्लब?"

तिने सांगितलं. ते शहर रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर. सरांचा घास हातातच राहिला. त्यांनी नातीकडे पाहिलं. ती ताटातले वाटाणे एकेक करून चेंडूसारखे टिचकीने उडवत होती.

"मग काय सांगितलं?"

"अजून काही नाही. उद्याचा सामना झाला की कळवतो म्हणालाय हा."

सरांच्या डोक्यातला हिशोब साधा होता. टीम खाली गेली तर कोण राहील? पण वर राहिली, तर कशाला जाईल? म्हणजे उद्याचा सामना काही फक्त क्लबचा नाही, सकाळी गुडघ्यावर कोण बसणार याचा आहे. "उद्या आपण वर राहतोय," ते म्हणाले. "मग जायचा प्रश्नच येत नाही."

"प्रश्न टीमचा नाहीये, बाबा."

"मग कशाचा?"

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. तो शांतपणे जेवत होता. नावाप्रमाणे ढिम्म.

"जावईबापू, भाजी घ्या की," सर म्हणाले.

"नको बाबा, झालं माझं," तो म्हणाला, आणि ताट घेऊन उठला.

दुसऱ्या दिवशी स्टेडियम गच्च भरलं होतं. क्लबचा सेक्रेटरी देव पाण्यात ठेवून बसला होता. सरांच्या शेजारी त्यांचा सहायक, एके काळचा गोलकीपर. त्याला सगळे भिंत म्हणायचे, आणि गेली काही वर्षं त्याने भिंतीइतकंच बोलायचं काम केलं होतं, कारण बोलण्याचं खातं सरांकडे. पलीकडे पेटी मांडीवर घेऊन लेक. मग शिन गार्ड बांधलेली राखीव मंडळी.

पहिला अर्धा खेळ गोलाविना गेला. सरांनी उजव्या बॅकवर घसा कोरडा केला. हाफ टाइमला ड्रेसिंग रूममध्ये तो कान खाजवत बसला होता, तेव्हा सर म्हणाले, "कान साफ कर, कान. बरोबर चाललंय, पण आणखी चिकट." तो म्हणाला, "हो सर." त्याच्या शेजारी ढिम्म पाठमोरा होऊन काहीतरी करत होता. सरांना वाटलं बूट बांधतोय.

बाजू बदलल्या. आता ढिम्म सरांच्या बाजूला आला. समोरच्यांनी ताज्या दमाचा विंगर आणला. पोरगा विजेसारखा. पहिल्यांदा तो आला तेव्हा सर रेषेवर पोहोचले होते. "चिकट! ए ढिम्म, चिकट!" ढिम्म मागे सरकत राहिला, थांबला आणि चेंडू घेऊन गेला. दुसऱ्यांदाही तेच. सरांना काही समजेना. हा ऐकत तर नाही, पण चेंडूही जात नाही. आपण एवढं ओरडतोय आणि हा साधी मानही वळवत नाही, याचा त्यांना रागही येत होता.

खेळ संपायला थोडाच वेळ उरला होता. अजून गोल नाही. तो विंगर पुन्हा आला, यावेळी ताकद लावून, चेंडू थोडा पुढे ढकलून. तेवढंच हवं होतं. ढिम्मने पाय घातला, चेंडू काढला आणि त्याच फटक्यात रेषेच्या कडेकडेने पुढे सारला. विंगर मागे राहिला. त्यांचा बॅक कुठेतरी वर अडकलेला. पुढे अर्धं मैदान मोकळं. चेंडू हिरवळीवरून रेषेला बिलगून, पण रेषेच्या आत, संथ घरंगळत होता आणि ढिम्म त्याच्यामागे धावत होता. लोक उभे राहिले.

चेंडू सरांच्या समोर आला. आणि सरांचा डावा पाय पुढे झाला.

काय सुंदर ट्रॅप होता तो, खेळत असताना असा एकही जमला नव्हता. तळव्याखाली चेंडू कसा मरून पडला. सर आपल्याच बुटाखालच्या चेंडूकडे बघत उभे. ढिम्म समोर येऊन थांबला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, नुसता धक्का होता. मग पाहुण्यांच्या बाजूचा स्टँड हसायला लागला, आणि आपल्या बाजूचा काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रेफरी आला. ओळखीचाच होता, सर खेळत असल्यापासूनचा. खिशात हात घालताना त्यालाही वाईट वाटत होतं. "सर, बाहेर गेला नव्हता हो चेंडू."

"माहितेय," सर म्हणाले.

रेड कार्ड, आणि समोरच्यांना फ्री किक. सर बाकाकडे वळले तर लेक त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी भिंतीच्या खांद्यावर हात ठेवला. "आता तू बघ." भिंत उभा राहिला, आणि कधी नव्हे ते दोन शब्द बोलला, "बघतो, सर." सर लंगडत बोगद्यातून आत गेले.

ड्रेसिंग रूम स्टँडच्या खाली होती. वरून हजारो पावलांची धडधड यायची, पण कशासाठी ते कळायचं नाही. सर ढिम्मच्या जागेवर टेकले. कळायला लागल्यापासून पहिल्यांदाच असं झालं होतं की क्लबचा सामना चालू आहे आणि ते त्यात नाहीत. वर एकदम पावलं वाजली, मग थांबली. फ्री किक. मग एक मोठा उसासा आला. गोल झाला की वाचला? कळायला मार्ग नव्हता. त्यांना नातीचा चेहरा दिसायला लागला. आपल्याच पायाने घालवलं सगळं, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी तो पाय पलीकडे सारून ठेवला, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा.

मान खाली होती म्हणून बाकाखालचं दिसलं. उजव्या बॅकच्या जागेखाली कापसाचे दोन बोळे पडले होते. घामाने ओले, निमुळते वळलेले. सरांनी उचलून पाहिले. कुणाचा कान दुखतोय? मग ढिम्मच्या बॅगेत वर पडलेली कापसाची गुंडाळी दिसली, ताजी तोडलेली. कोपऱ्यात कचऱ्याचा डबा होता. सर उठले आणि त्यांनी डब्यात डोकावलं. तसलेच बोळे, मागच्या सामन्याचे, सरावाचे. कुणी डबा रिकामा करायचे कष्ट घेतले नव्हते.

उजवा बॅक आधी, बाजू बदलल्या की डावा. म्हणजे ज्याची पाळी सरांच्या बाजूला, त्याच्या कानात कापूस.

आणि मग टीम कधीपासून हरायची थांबली ते आठवलं, लेकीचा कापूस कधीपासून संपायला लागला तेही आठवलं, आणि दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी येऊन बसल्या. सर पुन्हा खाली बसले. अपमान वाटला, अगदी आतून वाटला. आपण घसा फोडत होतो, आणि ही पोरं कानात बोळे घालून जिंकत होती. आपल्या लेकीने ते वळून दिले होते. ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडणार कुणावर? खोलीत घामाचे कपडे आणि रिकाम्या बाटल्या.

वरची धडधड सहन होईना. काय वाटलं कोण जाणे, त्यांनी त्या गुंडाळीतून थोडा कापूस तोडला, वळला आणि आपल्या कानांत घातला.

पावलं लांब गेली. आतला आवाजही, तो जो सदानकदा 'चिकट, चिकट' म्हणत असायचा, तोही हळूहळू दमला. सर खोलीच्या भिंतीला टेकून बसले. डोळ्यांपुढे ढिम्म दिसत होता, तिरका उभा, मागे सरकणारा, वाट बघणारा. असा त्यांनी त्याला कधी पाहिलाच नव्हता, कारण बघायच्या आधीच ते ओरडत असायचे. बराच वेळ गेला, आणि त्यांच्या लक्षात आलं की डावा पाय स्वस्थ आहे.

टीम आत आली तेव्हा त्यांना कळलंच नाही. कुणीतरी खांद्याला हात लावला. डोळे उघडले तर लेक समोर उकिडवी बसलेली, मागे सगळी टीम दाराशी थबकलेली. लेकीने त्यांच्या एका कानातला बोळा काढला, मग दुसऱ्या.

"वाचलो, बाबा," ती म्हणाली. "बरोबरी."

कुणी हसेना, कुणी ओरडेना. उजवा बॅक तर दाराच्या मागेच गेला. सरांनी तिच्या हातातला बोळा पाहिला. "चांगला वळतेस," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. मग टीमला धीर आला, मग गलका झाला, आणि भिंतीला दोन पोरांनी खांद्यावर घेतलं. तो वजनदार असल्याने लगेच खाली ठेवलं.

सगळे आंघोळीला गेले तेव्हा ढिम्म मागे राहिला. सासऱ्याशेजारी बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"मग?" सर म्हणाले. "वर राहिलो आपण. आता काय सांगणार त्यांना?"

ढिम्मने एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही नीट जोडून ठेवले. घाई त्याला कशाचीच नसे.

"हो सांगणार आहे, बाबा."

"आता मी ओरडणार नाही."

"असं तुम्ही म्हणता," तो म्हणाला, आणि आवाजात जराही राग नव्हता. "मैदानावर तुम्ही मला शिव्या घालता आणि घरी अहो-जाहो करता. मधला माणूस मला कधी भेटलाच नाही. कापूस घातला तेव्हा खेळ सुधारला, पण कानात कापूस घालून किती दिवस राहायचं? आणि तुमच्यासमोर बसून जेवायचं, मनात हे ठेवून. मला नाही जमत ते."

सरांना खूप काही बोलायचं होतं. नातीबद्दल बोलायचं होतं, गुडघ्याबद्दल, आपण त्याला खरं तर किती मानतो त्याबद्दल. पण असलं बोलायची जिभेला सवय नव्हती. ते म्हणाले, "थंडी वाजेल. आंघोळ करून घ्या."

घरी आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"क्लबचा कापूस संपल्यावर कुठून यायचा, वाटलं तुम्हाला?" ती म्हणाली. "दुकानातून मीच आणून द्यायचे. चांगला लांब धाग्याचा. साधा कानात टोचतो." मग ती त्यांच्याजवळ बसली, आणि तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा सर रडले. कुणी वारलं तरी न रडणारा माणूस, पण त्या दिवशी रडला.

वरचा मजला रिकामा झाला. सकाळ आता लवकर व्हायची आणि लवकर संपायची नाही. सामन्यांना सर चुन्याच्या चौकोनात उभे राहू लागले, हात मागे बांधून. ओरडावंसं वाटलं की भिंतीला म्हणायचे, "तू सांग," आणि भिंत सांगायचा. जित्याची खोड ती, एकदम कशी जाईल? पाय अधूनमधून उडायचाच. पण हळूहळू सरांच्या डावीकडच्या जागेवर माणसं बसायला लागली.

सामना नव्हता अशा एका सुट्टीत सर आणि त्यांची बायको रात्रीच्या गाडीने लेकीकडे गेले. दुपारी ढिम्मच्या नव्या क्लबचा सामना होता. सर आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून स्टँडमध्ये बसले. नात मांडीवर, त्याच गुडघ्यावर. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला लेक. लेकीची पेटी आता या क्लबातल्या पोरांच्या पावडर-पट्ट्यांनी भरलेली होती, पण आज तिची सुट्टी होती.

ढिम्मच्या अंगावर विंगर आला. स्टँड ओरडायला लागला. मागचा एक जाडा माणूस तर बाकावर उभा राहून, "अरे जा ना पुढे! बघतोस काय?" म्हणून घसा ताणत होता. सरांनी नातीला घट्ट धरलं. ढिम्म तिरका झाला. मागे सरकला. सर स्वतःशीच पुटपुटले, "थांब. घाई नको. चुकू दे त्याला." विंगर उजवीकडे झुकला, डावीकडे झुकला. "चुकतोय बघ," सर म्हणाले. विंगर चुकला. ढिम्म चेंडू घेऊन निघाला, आणि सरांना वाटलं, आपण एवढी वर्षं फुटबॉल खेळलो, शिकवला, पण हे असं कधी जमलं नाही. आपण माणसाला धरायचो. हा चेंडूची वाट बघतो. हा आपल्यापेक्षा चांगला बॅक आहे. हे मनात कबूल केल्यावर त्यांना हलकं वाटलं.

सामना संपला. ढिम्म घाम पुसत स्टँडच्या कठड्याखाली आला. नातीने वरून हात हलवले. सर तिला घेऊन उतरत उतरत कठड्यापाशी गेले, मागोमाग बायको आणि लेक. ढिम्मने वर पाहिलं. बायकोने मागून सरांना कोपराने ढोसलं.

"चांगला खेळलास," सर म्हणाले. आवाज इतका बारीक की नातीलाही ऐकू आला नसेल.

ढिम्मने कानाला हात लावला. "काय म्हणालात?"

"चांगला खेळलास म्हटलं."

त्याला ऐकू आलं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण तो हात कानावरच ठेवून उभा राहिला. ढिम्म. हलेना.

"नाही ऐकू आलं, बाबा," तो म्हणाला. "परत एकदा."

मग सरांनी नातीला लेकीच्या हातात दिलं, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि छाती भरून श्वास घेतला. पुढे जे झालं त्याने मागचा जाडा माणूस दचकून खाली बसला आणि पलीकडचा गोलकीपरही वळला.

"चांगला खेळलास रे पोरा! फार चांगला खेळलास!"

"आता आलं," जावई म्हणाला. त्याने डोळे पुसले, आणि घामच पुसतोय असं दाखवत राहिला. "थांबा तिथेच. आंघोळ करून येतो, मग बरोबरच जेवायला जाऊ."

"ये सावकाश," सर म्हणाले, आणि कठड्याला टेकून त्याची वाट बघत उभे राहिले.